घरची वीज व वाटेवरची वीज

एकत्र कुटुंबांत चूल एक असते, देवघर एक असतें, आणि विजेचा मीटरही एकच असतो. पानावर कोणी किती पोळ्या खाल्ल्या हें कोणी मोजीत नाहीं. त्याच न्यायानें विजेचें बिल आलें कीं त्याचे सारखे भाग करावयाचे आणि ज्यानें त्यानें आपला भाग बिनबोभाट द्यावयाचा, अशी आमच्या घरची जुनी वहिवाट. या वहिवाटींत कोणावर अन्याय होत असेल, अशी शंका आमच्या मनास कधीं शिवली नव्हती. ती शंका एका विजेच्या गाडीनें उत्पन्न केली, आणि तिचें निरसन होतां होतां आमच्या हिशेबीपणाचा गर्वही पुष्कळसा उतरला. ती हकीकत वाचकांपुढें मांडावीशी वाटली, याचें कारण इतकेंच कीं, अशा गाड्या आतां आपल्यासारख्या पुष्कळ घरांच्या दारांत उभ्या आहेत, आणि घरीं वीज भरणें स्वस्त कीं बाहेर, हा प्रश्न जेवतांना नित्य निघत असतो.

प्रथम घरचीं माणसें सांगावयास हवीं. पुण्यास कोथरुडांत आमच्या वडिलांनीं बांधलेल्या घरांत आम्ही लहानथोर नऊ माणसें राहतों. आमचे ज्येष्ठ बंधु सहा वर्षांपूर्वीं वारले. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, आमच्याबरोबरच असतात. त्यांच्या एकुलत्या एका मुलीचें सासर सांगलीस आहे. दुसरें बिऱ्हाड आमचें, व तिसरें धाकट्या बंधूंचें. स्वयंपाक एकत्र असला तरी घरखर्चाचे तीन वाटे होतात, आणि वहिनी आपला वाटा भावाच्या पश्चात् मिळणाऱ्या कुटुंब-निवृत्तिवेतनांतून देतात. आम्हीं अनेक वेळां तो नाकारून पाहिला. परंतु ‘ज्या दिवशीं माझा वाटा घेणार नाहीं, त्या दिवसापासून मी या घरांत पाहुणी झालें,’ असें त्या म्हणतात, व त्यावर कोणाचेंच कांहीं चालत नाहीं.

२०२४ सालच्या दसऱ्यास धाकट्या बंधूंनीं विजेवर चालणारी गाडी घरीं आणिली. तिची बॅटरी सुमारें तीस युनिटांची. एक हजार वॅटचें उपकरण एक तास चाललें म्हणजे जी वीज खर्च होते, तिला एक युनिट म्हणतात, हें वाचकांस ठाऊकच आहे. त्यांची कचेरी हिंजवडीस असल्यामुळें रोज जाऊन येऊन छत्तीस किलोमीटर होतात. शिवाय कोणास दवाखान्यांत न्यावयाचें, कोणास स्टेशनावरून आणावयाचें, हें आहेच. एकंदर महिन्यास नऊशें किलोमीटर धांव पडते. गाडीची पूजा झाली, पेढे वांटले गेले, आणि वीज कोठें भरावयाची हा प्रश्न निघाला. आम्हीं तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलेलें. तेव्हां निर्णयाचा मान साहजिकच आमच्याकडे आला. आम्हीं विजेचें जुनें बिल मागवून त्यावर नजर टाकली व तत्काळ सांगितलें, ‘युनिटास सहा रुपये. एका युनिटांत गाडी सहा किलोमीटर जाणार. म्हणजे रुपयास एक किलोमीटर! बाहेर हेंच साडेतीन पट पडेल. घरींच भरा.’ पेट्रोल तेव्हां पुण्यास लिटरला १०४ रुपयांच्या आसपास होतें, व आमची जुनी गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देई; म्हणजे किलोमीटरला सात रुपये. सातांचा एक झाला असें ऐकून मंडळींस परम संतोष झाला. वाहनतळाच्या भिंतीवर सोळा ॲम्पिअरचा सॉकेट बसला, जाड तार ओढली गेली, अर्थिंग तपासून झालें, आणि रात्रीं दहाला गाडी जोडून सकाळीं सातला काढावयाची असा परिपाठ सुरू झाला.

पुढें नोव्हेंबरचें बिल आलें. त्याचा भाग प्रत्येकीं सुमारें अठराशेंवरून अठ्ठाविसशेंवर गेलेला पाहून आम्हांस किंचित् नवल वाटलें. परंतु ‘थंडी लवकर पडली, गीझर अधिक चालला असेल,’ असें समाधान आम्हीं स्वतःच करून घेतलें व इतरांसही तेंच ऐकविलें. वहिनींनीं आपले पैसे नेहमींप्रमाणें पहिल्या तारखेस आणून दिले. डिसेंबरांत तसेंच, जानेवारींत तसेंच.

या अवधींत वहिनींच्या दिनक्रमांत दोन फरक पडले. एक म्हणजे त्यांनीं थंड पाण्यानें स्नान करण्यास आरंभ केला. ‘प्रकृतीस बरें असतें,’ म्हणाल्या. दुसरें, रात्रीं अकरापर्यंत आपल्या खोलींत वाचीत बसण्याचा त्यांचा पन्नास वर्षांचा परिपाठ मोडला. नऊ वाजले कीं त्यांच्या खोलींतला दिवा मालवे. कधीं बैठकींत मुलें अभ्यासास बसलेलीं असलीं, तर त्यांच्याच दिव्याच्या उजेडांत कोपऱ्यांतल्या खुर्चीवर पुस्तक घेऊन त्या बसत, व मुलें उठलीं कीं त्याही उठत. आम्हीं हें पाहिलें, आणि पाहून एके दिवशीं जेवतांना थट्टा केली कीं, ‘वहिनी आतां वानप्रस्थाश्रमाकडे झुकल्या.’ सगळे हंसले. वहिनीही हंसल्या. ती थट्टा आतां आठवली कीं घास घशांत अडकतो.

२०२५ च्या माघांत वहिनींच्या नातवाची मुंज सांगलीस ठरली. पुण्याहून सांगली अडीचशें किलोमीटरांच्या आंत असली, तरी एका दमांत तेथवर जाण्याइतकी ताकद आमच्या गाडींत नाहीं. तेव्हां वाटेंत एकदां वीज भरावी लागणार, हें उघड होतें. धाकटे बंधु गाडी हांकावयास, त्यांची मुलगी, आम्ही उभयतां व वहिनी, असे पांच जण पहाटे निघालों. खंबाटकीच्या चढावर बॅटरीचा आंकडा भराभर उतरला, व पलीकडच्या उतारावर थोडासा परत चढला. कारण अशा गाडीची मोटर उतारावर वीज खाण्याऐवजीं थोडी निर्माण करून बॅटरींत परत टाकते. या करामतीचें व्याख्यान आम्हीं मागें वळून मंडळींस दिलें.

व्याख्यान संपलें तोंच साताऱ्याजवळचें चार्जिंगचें ठिकाण आलें. तेथें दोन यंत्रें होतीं. एक बंद होतें. दुसऱ्यास एक गाडी लागलेली, आणि तिच्यामागें एक उभी. दोन तास थांबणें शक्य नव्हतें, कारण दुपारीं ग्रहमखास पोंचावयाचें होतें. बॅटरींत चाळीस टक्के शिल्लक होती. कऱ्हाड पंचावन्न किलोमीटर. बंधु म्हणाले, ‘दादा, जाऊं या. पण वातानुकूलन बंद करूं.’ तेथून पुढें गाडींत कोणी बोलेना. उंब्रज मागें पडलें तेव्हां आंकडा विसांच्या खालीं आलेला होता, व आमचें कुटुंब मनांतल्या मनांत कांहीं पुटपुटत होतें. कऱ्हाडास महामार्गाकांठच्या एका उपाहारगृहाच्या आवारांत आम्ही वळलों तेव्हां बरोबर अकरा टक्के उरले होते. तेथलें यंत्र मोकळें होतें व चालूही होतें. कऱ्हाडास कृष्णा व कोयना यांचा प्रीतिसंगम. त्याच कोयनेच्या पाण्यावर एक हजार नऊशें साठ मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे. त्या गांवीं विजेवांचून अडून बसण्याची नामुष्की आली नाहीं, हें दैवच म्हणावयाचें.

आपल्या घरच्या सॉकेटांतून फिरती वीज येते, म्हणजे जिला इंग्रजी आद्याक्षरांनीं ‘एसी’ म्हणतात ती. बॅटरी सांठविते ती मात्र सरळ, ‘डीसी’. ही फिरतीची सरळ करण्याचें काम घरीं चार्ज करतांना गाडींतील लहानसें यंत्र करतें. त्याची शक्ति बेताची, व सॉकेटांतून तरी तासास जेमतेम तीन युनिटें मिळतात. म्हणून रात्र लागते. वाटेवरच्या मोठ्या यंत्रांत हेंच काम बाहेरच होऊन सरळ वीज थेट बॅटरींत शिरते, म्हणून तासाभरांत काम भागतें. तेंही ऐंशी टक्क्यांपर्यंत जलद. पुढें बॅटरीच्या रक्षणासाठीं वेग आपोआप मंदावतो. तेव्हां वाटेवर शंभर टक्क्यांचा हट्ट धरून मागच्या माणसास तिष्ठत ठेवूं नये, हा शिष्टाचार येथेंच सांगून टाकतों.

बंधूंनीं मोबाईलवरील ॲपमधून पैसे भरले, जाड नळी गाडीस लावली, आणि यंत्राच्या पडद्यावर आंकडे धांवूं लागले. मंडळी चहास गेली. वहिनी मात्र पदर सांवरून त्या पडद्यापुढें उभ्या राहिल्या.

‘भाऊजी, हे आंकडे कसले पळताहेत?’

‘वरचीं युनिटें, खालचे रुपये,’ आम्हीं सांगितलें.

त्या बराच वेळ पाहत राहिल्या. युनिटें दहांवर गेलीं, पंधरांवर गेलीं.

‘आणि आपल्या घरीं रात्रीं लावतात, तेव्हांही इतकींच जातात?’

‘थोडीं अधिकच जातात.’

‘तीं आपल्या बिलांत येतात?’

‘येणारच. मीटर एकच.’

‘मग माझ्या खोलींतला दिवा महिन्यास किती युनिटें खातो?’

आम्हीं तोंडीं हिशेब केला. नऊ वॅटचा दिवा. रोज चार तास म्हणजे छत्तीस. महिन्यास एक हजार ऐंशी वॅट-तास. ‘एका युनिटाहून कांकणभर अधिक,’ आम्ही म्हणालों.

‘महिन्यास एक?’

‘महिन्यास एक.’

वहिनी किंचित् हंसल्या. ‘मग तीन महिने मी उगीचच अंधारांत बसलें म्हणायची. मला वाटलें, माझ्या दिव्यानें अन् गीझरनेंच बिल फुगलें. तुम्हीच म्हणाला होतांत ना, गीझर फार चालतो म्हणून!’

त्या एवढें बोलून चहास गेल्या. त्यांच्या बोलण्यांत रोष नव्हता. असता तर बरें झालें असतें. आम्ही पडद्यापुढें तसेच उभे राहिलों. बावीस युनिटें झालीं व यंत्र थांबविलें. युनिटास अठरा रुपये, त्यावर अठरा टक्के वस्तु व सेवा कर. एकूण ४६७ रुपये २८ पैसे. ज्यानें वीज घेतली त्याच्यापुढें, घेतली त्याच वेळीं, पावती हजर. घरीं हीच वीज आम्ही रोज रात्रीं घेत होतों, आणि तिची पावती महिन्यानें, तीन घरांत वांटून, नांवगांव पुसून येत होती. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच.

मुंज यथासांग झाली. रात्रीं पाहुणे झोपल्यावर आम्हीं मुंजीच्या निमंत्रणपत्रिकेच्या पाठीमागें नवा हिशेब मांडला, आणि दसऱ्यास केलेली चूक आमच्या ध्यानांत आली. चूक अशी कीं, निवासी विजेचा दर एक नसतो. त्याचे टप्पे असतात. महावितरणच्या २०२४-२५ सालच्या दरपत्रकांत, वीज आकार व वहन आकार मिळून, पहिल्या शंभर युनिटांस ५.८८ रुपये, तेथून तीनशेंपर्यंत ११.४६, तेथून पांचशेंपर्यंत १५.७२, आणि पांचशेंवर १७.८१ असा दर होता. या सर्वांवर सोळा टक्के विद्युत शुल्क. स्थिर आकार व दरमहा बदलणारा इंधन समायोजन आकार आम्हीं बाजूस ठेविला आहे. आम्ही दसऱ्यास बिलाची पहिलीच ओळ वाचून ‘सहा रुपये’ म्हणालों होतों. शाळेंत एखाद्या मुलानें असें अर्धवट उदाहरण वाचून उत्तर दिलें असतें, तर त्यास आम्हीं बाकावर उभें केलें असतें.

आमच्या नऊ माणसांच्या घरांत गाडी येण्यापूर्वींच महिन्यास ४२० युनिटें लागत. त्यांचे शुल्कासह ५,५२९ रुपये होत. नऊशें किलोमीटरांसाठीं गाडी भिंतींतून दीडशें युनिटें ओढते. म्हणजे मीटर ५७० वर जातो. या दीडशें युनिटांपैकीं एकही पहिल्या टप्प्यांत बसत नाहीं, कारण तो टप्पा आमच्या दिव्यांनीं, पंख्यांनीं व शीतकपाटानें आधींच भरून टाकिलेला आहे. दुसराही भरलेला. ऐंशी युनिटें तिसऱ्या टप्प्यांत पडतात व सत्तर चवथ्यांत. बिल ८,४३४ रुपयांवर जातें. वाढ २,९०५ रुपयांची; युनिटास १९.३७ पडले, आणि किलोमीटरला ३ रुपये २३ पैसे. रुपयास किलोमीटर ही आमची गर्जना अशी हवेंत विरून गेली.

आतां वाटेवरची वीज. दर २१.२४ रुपये, घरच्याहून अधिक दिसतो खरा. परंतु येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी लागते. घरचा मीटर भिंतीशीं मोजतो. फिरती वीज सरळ करतांना व तारांतून जातांना सुमारें दहावा हिस्सा उष्णतेच्या रूपानें वायां जातो, आणि त्याचेही पैसे आपण देतों. वाटेवरच्या मोठ्या यंत्रावर बहुधा गाडीस दिलेली सरळ वीजच मोजली जाते. म्हणून घरच्या युनिटांत जेथें सहा किलोमीटर होतात, तेथें बाहेरच्या युनिटांत सहा पूर्णांक दोन तृतीयांश होतात. या हिशेबानें बाहेरचा किलोमीटर ३ रुपये १९ पैशांस पडला. म्हणजे आमच्या घरीं वीज भरणें बाहेरच्याहून स्वस्त नाहीं. झालेंच तर चार पैशांनीं महाग!

उलट, ज्या लहान कुटुंबास गाडीवांचून महिन्यास १२० युनिटें पुरतात, त्याचीं गाडीचीं दीडशें युनिटें मिळून बेरीज २७० होते, तीं सर्व दुसऱ्या टप्प्यांत बसतात, व त्यास शुल्कासह युनिट १३.२९ रुपयांस, किलोमीटर २ रुपये २२ पैशांस पडतो. त्यास घरचीच वीज स्वस्त. गाडी तीच, गांव तोच, दरपत्रकही तेंच. फरक इतकाच कीं, आमचें कुटुंब एका मीटरावर एकत्र नांदतें. घर जितकें भरलेलें, तितकें मागून आलेल्या गाडीस वरच्या पायरीवर बसावें लागतें. घरचें झालें थोडें, आणि व्याह्यानें धाडलें घोडें, ही म्हण आमच्याइतकी क्वचितच कोणास चपखल लागू पडली असेल. फक्त हें घोडें व्याह्यानें धाडलेलें नव्हतें, आम्हींच वाजतगाजत आणिलें होतें.

पुण्यास परत आल्यावर आम्हीं सर्वांस बैठकींत बोलाविलें व निमंत्रणपत्रिका पुढें ठेविली. आमच्या पुतण्यानें, जो महाविद्यालयांत शिकतो, एक मार्मिक आक्षेप घेतला. तो म्हणाला, ‘काका, गाडीच शेवटची कशावरून? मीटरला कुठें कळतं कोण आधीं आलं नि कोण मागून? मोठ्या काकूंचा गीझर शेवटचा कां धरायचा नाहीं? सगळ्यांना सरासरी लावा.’ सरासरी लावली तर युनिटास १४.८० रुपये पडतात, व गाडीच्या वाट्यास २,२१९ रुपये येतात. मग उरलेले सुमारें सातशें रुपये कोण देतो? ज्यांचा वापर एका युनिटानेंही वाढला नाहीं, तीं घरचीं माणसें देतात. आम्ही त्यास म्हणालों, ‘बाळ, गीझर काल होता, परवांही होता. उद्यां गाडी विकली तर बिल कितीनें उतरेल, तो गाडीचा खर्च. विकत घेण्याचा विचार करतांना हाच आंकडा पाहावयास हवा होता. तो मीं पाहिला नाहीं.’

धाकटे बंधु इतका वेळ खालीं मान घालून बसले होते. ते म्हणाले, ‘दादा, मला हें ठाऊक असतें तर तीन महिने वहिनींच्या पैशांवर मी कचेरीस गेलों असतों काय?’ त्यांच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. मागचे पैसे परत करावयाचें त्यांनीं त्याच क्षणीं ठरविलें.

परंतु वहिनींनीं हात वर केला. त्या म्हणाल्या, ‘मागचें मागें राहूं दे. आणि एक सांगतें. आज विजेचे वाटे वेगळे कराल, उद्यां दुधाचे कराल, परवां चूल वेगळी होईल. हिशेब चुकला हें खरें. पण हिशेब करायला बसलें कीं कुठें थांबायचं तेंही ठाऊक पाहिजे.’

यावर कोणास कांहीं बोलतां येईना. वहिनींच्या म्हणण्यांत तथ्य होतें. एकत्र कुटुंब हें बरेंचसें न मोजण्यावरच उभें असतें. परंतु न मोजल्यानें जर एक माणूस मुकाट्यानें अंधारांत बसत असेल, तर तें न मोजणें औदार्य नव्हे, तो निष्काळजीपणा होय. आणि तो निष्काळजीपणा आमचा होता. शेवटीं बराच वेळ चर्चा होऊन असें ठरलें: दिवे, पंखे, गीझर यांचे पूर्वींप्रमाणें तीन सारखे भाग, त्यांत कोणीं कोणाचें मोजावयाचें नाहीं. गाडीच्या सॉकेटामागें एक स्वतंत्र उपमीटर बसवावयाचा, व तिच्यामुळें बिलांत जी वाढ होईल ती गाडीच्या खात्यावर घालावयाची. कचेरीची धांव बंधूंची. घरच्या कामाची धांव घरखर्चाची. वहिनींनीं एक अट घातली कीं, नातवाच्या मुंजीच्या प्रवासाचे पैसे त्याच देणार. घरांतल्या बायकांनीं ती एकमुखानें फेटाळली. मुलीच्या घरचें कार्य तें सर्व घराचें कार्य, असा निकाल झाला.

उरली महागाई. तिच्यावरही उपाय आहेत. केंद्र सरकारनें २०२४ च्या फेब्रुवारींत वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून, गाडी चार्ज करण्यासाठीं घरीं स्वतंत्र जोडणी मागण्याची मुभा दिली आहे. आणि आपल्या राज्याच्या दरपत्रकांत वाहनांच्या चार्जिंगसाठीं एक निराळा वर्ग आहे, त्यास निवासी वर्गासारखे चढते टप्पे नाहींत. आपल्या जोडणीस कोणता वर्ग लागेल हें वीज कचेरींत लेखी विचारून घ्यावें, व वेगळ्या मीटराचा स्थिर आकार हिशेबांत धरावा. आम्हीं अर्ज केला आहे. दुसरा उपाय छपराचा. २०२४ सालींच सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेंत तीन किलोवॅट व त्यावरील घरगुती सौरसंचास ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेविलें आहे. असा संच सरासरीनें दिवसाकांठीं बारा युनिटें देतो, आणि तीं युनिटें बिलांतून वजा होतात तीं वरच्या, महागड्या टप्प्यापासून. म्हणजे जो जिना गाडीला जाचक, तोच सौरसंचास लाभदायक.

वाटेवरच्या विजेविषयींही दोन शब्द. चार्जिंगचा व्यवसाय म्हणजे वीजविक्री नव्हे, सेवा होय, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानें २०१८ च्या एप्रिलांत केला. म्हणून हें दुकान थाटण्यास वीजपुरवठ्याचा परवाना लागत नाहीं. सेवा म्हटली म्हणून तीवर वस्तु व सेवा कर आला, जो घरच्या विजेवर नाहीं. पुढें २०२४ च्या सप्टेंबरांत आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, सकाळीं नऊ ते दुपारीं चार या सूर्यप्रकाशाच्या वेळांत चार्जिंग केंद्रांस वीज पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या सात दशांशानें मिळावी व इतर वेळीं तेरा दशांशानें, असें सांगितलें आहे. ही सवलत केंद्रचालक ग्राहकापर्यंत किती पोंचूं देतात तें प्रत्येक ठिकाणीं पडद्यावरच वाचावें, व शक्य तेथें दुपारीं भरावें. वाटेवरचा दर सर्वत्र एक नसतो, आणि यंत्र चालू असेलच असेंही नसतें, हें साताऱ्यास आम्ही शिकलों. म्हणून बॅटरींत दुसऱ्या ठिकाणापर्यंत पोंचण्याइतकी शिदोरी नेहमीं राखून ठेवावी. रोजच्या धांवेस मात्र आम्ही अद्याप घरचीच वीज वापरतों. चार पैशांसाठीं रोज रांगेंत उभें राहण्यांत शहाणपण नाहीं, आणि सावकाश भरणें बॅटरीच्या आयुष्यासही हितकर असतें.

वर दिलेले आंकडे २०२४-२५ च्या दराचे आहेत. त्यानंतर वीज नियामक आयोगानें दर फिरविले आहेत, व पुढेंही फिरतील. म्हणून वाचकांनीं आमचे आंकडे न घेतां आमची रीत घ्यावी. आपलें शेवटचें बिल काढावें, गाडीवांचून मीटर कोणत्या टप्प्यावर येऊन थांबतो तें पाहावें, आणि गाडीचीं युनिटें त्याच्यापुढें मोजावीं; पहिल्या ओळीपासून नव्हे. सरासरीनें तर नव्हेच. आणि हिशेब झाल्यावर घरांतील सर्वांत मितभाषी माणसास तो वाचून दाखवावा. वाढलेल्या बिलाचा दोष स्वतःकडे घेण्याची संवय आपल्या घरांतून अशाच माणसांस असते, आणि तीं आपण होऊन कांहीं विचारीत नाहींत.

सांगलीहून परत आल्यानंतरच्या आठवड्यांत एके रात्रीं आम्ही पाणी पिण्यास उठलों, तेव्हां साडेदहा वाजले होते. वहिनींच्या दाराखालून उजेडाची रेघ दिसत होती. आम्हीं दार वाजविलें नाहीं. खालीं वाहनतळांत नव्या उपमीटराचा लहानसा लाल दिवा लुकलुकत होता. तो मात्र आम्हीं खालीं जाऊन वाचला, व खतावणींत आंकडा टिपून ठेविला.